आठ किलोबाइटांची उतरंड : लिनक्स कर्नलच्या स्टॅकचा इतिहास

१/१२
लिनक्सवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला स्टॅकसाठी सर्वसाधारणपणे ८ मेगाबाइट जागा मिळते. तोच प्रोग्रॅम कर्नलकडे काम घेऊन गेला, की कर्नलच्या आत त्या कामासाठी दीर्घकाळ अवघे ८ किलोबाइट उपलब्ध असत. म्हणजे १,०२४ पट कमी. या चिमूटभर जागेपायी वाद झाले, यंत्रे कोसळली आणि सुरक्षेला खिंडारही पडले. त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
जुन्या घरांत मडक्यांची उतरंड रचत. शेवटी ठेवलेले मडके आधी काढावे लागे. स्टॅकची रीत हीच. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावले, की दुसऱ्याची तात्पुरती माहिती आणि परतीचा पत्ता उतरंडीवर चढतो. काम संपले की उतरतो. फरक इतकाच, की इंटेलच्या प्रोसेसरवर ही उतरंड उलटी, म्हणजे वरच्या पत्त्याकडून खालच्या पत्त्याकडे वाढते. खाली तिची वाट अडवायला काय आहे, हा प्रश्न पुढे कळीचा ठरला.

३/१२
१९९१. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. इंटेल ३८६ प्रोसेसर मेमरीची वाटणी ४,०९६ बाइटांच्या ‘पेज’मध्ये करीत असे. लिनसने प्रत्येक प्रोसेसला असे एक पेज दिले. त्याच्या एका टोकाला प्रोसेसची नोंदवही आणि दुसऱ्या टोकाकडून तिच्या दिशेने वाढणारा कर्नल स्टॅक. दोघांमध्ये भिंत नव्हती. पुढे पेज दोन झाली, जागा ८ किलोबाइट झाली. भिंत मात्र उभी राहिली नाही.

४/१२
जागा इतकी कमी का? कर्नल स्टॅक प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र लागतो आणि तो डिस्कवर हलवता येत नाही, सदैव खऱ्या मेमरीतच राहतो. दहा हजार थ्रेड म्हणजे केवळ स्टॅकसाठी सुमारे ८० मेगाबाइट. ३२-बिट यंत्रांवर कर्नलला थेट हाताळता येणारी मेमरी सुमारे ८९६ मेगाबाइटच होती. ही काटकसर कंजूषपणाची नव्हती, गरजेची होती.

५/१२
दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. ८ किलोबाइटांसाठी शेजारीशेजारी दोन पेज मोकळी हवीत. यंत्र बराच काळ चालले, की मोकळी पेज विखुरतात. मग पुष्कळ मेमरी शिल्लक असूनही नवा थ्रेड सुरू होत नाही. म्हणून २००४ मध्ये, २.६.६ या आवृत्तीत, स्टॅक पुन्हा ४ किलोबाइटांवर आणण्याचा पर्याय आला. इंटरप्टना त्यासाठी वेगळा स्टॅक मिळाला.

६/१२
येथून ठिणगी पडली. एखादी फाइल नेटवर्कवरून एनएफएसमार्फत मागितली जाई. एनएफएसखाली एक्सएफएस, त्याखाली एलव्हीएम, त्याखाली रेड आणि सर्वांत तळाशी डिस्कचा ड्रायव्हर. प्रत्येक थराच्या लेखकाने आपापल्या परीने काटकसर केलेली असे. तरी बेरीज चार किलोबाइटांपलीकडे जाई. दोष एकाचा नव्हता. आपल्या वर आणि खाली किती मडकी असतील, हे कोणालाच दिसत नव्हते.

७/१२
वायफायचे वापरकर्तेही अडचणीत आले. अनेक कार्डांचे ड्रायव्हर केवळ विंडोजसाठी असत. ते एनडीआयएसरॅपरच्या साहाय्याने लिनक्सवर चालवले जात. मात्र ३२-बिट विंडोजचे कर्नल प्रत्येक थ्रेडला १२ किलोबाइटांचा स्टॅक देत असे. त्या ऐसपैस जागेच्या भरवशावर लिहिलेला कोड चार किलोबाइटांत कसा मावणार? अखेर २०१० च्या सुमारास चार किलोबाइटांचा पर्याय काढून टाकण्यात आला.

८/१२
त्याच वर्षी अधिक गंभीर गोष्ट उघड झाली. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील शाळांत एकॉर्न कंपनीचे संगणक ‘इकोनेट’ जाळ्याने जोडलेले असत. त्या जाळ्याचा कोड लिनक्समध्ये पडून होता. संदेशाचे तुकडे किती, हे वापरकर्ता सांगे आणि त्या संख्येएवढी यादी थेट स्टॅकवर मांडली जाई. संख्येची कमाल मर्यादा १,०२४. ३२-बिट यंत्रावर एका नोंदीला ८ बाइट. गुणाकार ८,१९२, म्हणजे संपूर्ण स्टॅक!

९/१२
आणि स्टॅकच्या तळाशी काय होते? थ्रेडची माहिती, तिच्यातच वापरकर्त्याने दिलेला पत्ता कोठपर्यंत वैध मानायचा, याची नोंद. ती पुसून बदलता आली, तर सामान्य वापरकर्त्याला कर्नलच्या मेमरीत लिहिता येते, म्हणजे यंत्राची मालकीच मिळते. स्टॅक ओसंडणे हा केवळ बिघाड नव्हे, तो घुसखोरीचा मार्गही आहे, हे संशोधकांनी दाखवून दिले. इकोनेटचा कोड २०१२ मध्ये लिनक्समधून वगळला गेला.

१०/१२
२०१४. ६४-बिट यंत्रांवर पत्ते दुप्पट लांबीचे झाले होते, स्टॅक मात्र ८ किलोबाइटच. मेमरी मागावी, ती संपलेली असावी, म्हणून जुनी पेज डिस्कवर पाठवावीत, त्यासाठी पुन्हा डिस्कचा ड्रायव्हर जागा व्हावा. अशी लांबलचक साखळी एका आभासी यंत्रात स्टॅकबाहेर गेली. ३.१५ या आवृत्तीत ६४-बिट इंटेल यंत्रांसाठी मर्यादा १६ किलोबाइट झाली.

११/१२
खरे वळण डिसेंबर २०१६ मध्ये आले. अँडी लुटोमिर्स्की यांच्या कामामुळे ४.९ आवृत्तीत स्टॅकसाठी शेजारची पेज लागेनाशी झाली आणि स्टॅकच्या टोकाला ‘गार्ड पेज’ आले. तेथे पाऊल पडताच प्रोसेसर तत्काळ थांबवतो. थ्रेडची माहितीही तेथून हलवली गेली. मात्र अनेक यूएसबी ड्रायव्हर यामुळे मोडले. स्टॅकवरील जागा डीएमएसाठी वापरू नये, हा जुना नियम त्यांनी मोडला होता. तोवर ते निभावले होते एवढेच. ते एकेक करून दुरुस्त करावे लागले.

१२/१२
इकोनेटसारख्या, ऐन वेळी आकार ठरणाऱ्या स्टॅकवरील याद्याही मग लक्ष्य झाल्या. केस कुक आणि सहकाऱ्यांनी त्या शोधून काढल्या. डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीत कर्नल त्यांच्यापासून मुक्त झाले. आजही ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मोठा बफर स्टॅकवर ठेवता येत नाही आणि स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावणारे फंक्शन टाळावे लागते. मर्यादा चार, आठ, सोळा अशी बदलत गेली. पण प्रत्येक वाढीव जागा पुढच्या थरांनी व्यापली. निर्णायक ठरली ती १९९१ पासून नसलेली भिंत. पूर्वी ओसंडलेला स्टॅक शेजारची मेमरी निमूटपणे नासवीत असे आणि चूक दुसरीकडेच कोठेतरी दिसे. आता ती जेथे घडते, तेथेच पकडली जाते.