शाहूपुरी : पेठेच्या नांवांतील इतिहास
कोल्हापुरांतील मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार व रविवार या पेठांचीं नांवें वारांवरून पडलीं. शाहूपुरीचें मात्र राजाच्या नांवावरून. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. जुन्या वस्तीचें केंद्र अंबाबाईचें देऊळ, तर या पेठेचा आधार आगगाडीचें स्टेशन. १८९१ सालीं मिरजेहून लोहमार्ग आला आणि १८९५ सालीं शाहू छत्रपतींनीं ही व्यापारपेठ वसविली. खेड्यापाड्यांतील गूळ गाड्यांतून येथें उतरे व रेल्वेनें दूर जाई. पुढें गुळाचा मोठा व्यवहार मार्केट यार्डांत गेला, पण नांव राहिलें. संस्कृतांत ‘पुरी’ हें पद नगरवाचक आहे. पेठेस तें देण्यांत संस्थापकाची दृष्टि दिसते. दप्तरें जीर्ण होतात, वखारी पाडल्या जातात. अशा वेळीं स्थलनाम हाच साक्षीदार उरतो. म्हणून कोणतेंहि जुनें नांव बदलण्यापूर्वीं त्याची साक्ष नोंदवून घेणें, हें इतिहासप्रेमी मंडळींचें कर्तव्य होय.