नमुने बदलले, सूर तोच

पुणे–मिरज लोहमार्गावर रहिमतपूर हे स्टेशन लागते. याच मार्गाच्या शेवटी मिरज. तेथे उस्ताद अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुतींचे मोजमाप केले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. स्वरांचे नाते कंपनसंख्यांच्या गुणोत्तरात मांडता येते, हे त्याचे सार. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर त्याच्या १६/१५ पट असलेला कोमल ऋषभ २५६ कंपनांचा येतो. खाँसाहेब १९३७ मध्ये वारले. आवाज तबकड्यांवर उरला. असे जुने ध्वनिमुद्रण आज अंकांत उतरवताना हेच गुणोत्तर सांभाळावे लागते.

त्यासाठी ध्वनिलहरीची उंची ठरावीक काळाने मोजतात. अशा प्रत्येक मोजमापाला 'नमुना' म्हणतात. सेकंदाला घ्यावयाचे नमुने सर्वांत मोठ्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक हवेत, हा नियम नायक्विस्ट (१९२८), कोतेल्निकोव (१९३३) व शॅनन (१९४९) यांच्या कामातून पक्का झाला. व्यवहारात मात्र दर अनेक झाले. दूरध्वनीवर बोलणे समजले की पुरे, म्हणून ८,०००. १९८२ मध्ये विक्रीस आलेल्या सीडीसाठी ४४,१००. कारण सुरुवातीला हे अंक व्हिडिओ टेपवर साठवत. तीवर सेकंदाला ६० अर्धचित्रे, प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ रेषा आणि दर रेषेवर ३ नमुने बसत. गुणाकार करून पाहा! स्टुडिओ व चित्रपटांसाठी ४८,००० हा दर रुळला.

सीडीवरचे नमुने तसेच ४८,००० च्या दराने वाजवले तर? गाणे सुमारे ८.८ टक्के जलद होईल आणि २४० चा षड्ज २६१ वर, म्हणजे कोमल ऋषभाच्याही पुढे जाईल. म्हणून नमुने नव्याने काढतात. दोन्ही दरांचे गुणोत्तर १४७ : १६०. दर दोन नमुन्यांमध्ये १५९ शून्ये घालायची, अंकीय गाळणीने लहर पूर्ववत करायची आणि दर १४७ वा नमुना ठेवायचा.

दर कमी करताना तर गाळणी आधीच हवी. ४८,००० वरून ८,००० वर येताना ५,००० कंपनांचा स्वर गाळला नाही आणि नुसता दर सहावा नमुना ठेवला, तर तो ३,००० कंपनांचा होऊन ऐकू येतो. असा खोटा सूर गाण्यात मिसळला की नंतर वेगळा काढता येत नाही. जुन्या गायकीचा मूळ ठेवा असा कायमचा बिघडू शकतो.

वर्गात हे आलेखाच्या कागदावर दाखवता येईल. शिखरापासून सुरू होणाऱ्या दोन लहरी एकाच लांबीत काढा: एक ३ आवर्तनांची, दुसरी ५ आवर्तनांची. त्या लांबीचे ८ समान भाग करून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बिंदू द्या. दोन्ही लहरींचे बिंदू तंतोतंत एकच येतील.