नव्वदीत जात नव्हती, असे म्हणणाऱ्यांसाठी

परवा शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका वर्गमित्राने पोस्ट टाकली. पेन्सिलीने कॅसेटची फीत गुंडाळणे, पेप्सीकोला, शक्तिमान, चित्रहार. शेवटी एक वाक्य होते : "तेव्हा कुणी कुणाची जात विचारत नव्हते." त्यावर चाळीस जणांनी हात जोडले. मी नुसती बघत राहिले.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बौद्धवाड्यात मी वाढले. आमच्याकडे टीव्ही नव्हता. या मित्राच्या घराच्या ओट्यावर बसून आम्ही पोरे खिडकीतून शक्तिमान पाहायचो. आत बोलावणे कधी आले नाही. पाणी मागितले तर वरून ओंजळीत ओतले जायचे. मित्र खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच जात दिसली नाही, कारण ती त्याच्या उंबऱ्याबाहेर बसलेली होती. जात विचारायची गरजच नव्हती, ती सगळ्यांना माहीत होती.

मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची मांडणी अशी की, माणूस एकट्याने आठवत नाही. काय आठवायचे आणि काय विसरायचे हे त्याचा समूह ठरवतो. म्हणून नव्वदीच्या आठवणी तपासताना त्या कोणत्या आळीतून आल्या, हे आधी विचारले पाहिजे.

आता त्या दशकाच्या तारखा पाहू. ७ ऑगस्ट १९९० रोजी पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांनी केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण देणाऱ्या मंडल शिफारशीची घोषणा केली. लगेच उत्तर भारतातली महाविद्यालये पेटली. रस्त्यावर बूटपॉलिश करून, झाडू मारून निषेध झाले. म्हणजे ही कामे नेमकी कुणाची, हे त्या शिकलेल्या पोरांना पक्के ठाऊक होते. जात कुणी विचारत नव्हते ते हेच दशक.

त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी कायदा बदलून बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. महाराष्ट्रात त्या आधीपासून होत्या, पण १९५६च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या दारात आमच्या लोकांना ३४ वर्षे ताटकळावे लागले. ते दार उघडले आणि वर्षभरातच, जुलै १९९१ मध्ये, नवे आर्थिक धोरण आले. पुढे सरकारी भरती आटत गेली, सार्वजनिक उद्योगांतला सरकारी हिस्सा विकायला निघाला. खासगी नोकरीत आरक्षण तेव्हाही नव्हते, आजही नाही. दार उघडले आणि घरच विक्रीला काढले. मित्रासाठी तेच धोरण म्हणजे केबल टीव्ही आणि पुढे पुण्यातली संगणकाची नोकरी.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. मागितले होते नामांतर, मिळाला विस्तार, तोही साडेपंधरा वर्षांनी. त्या संक्रांतीला आमच्या वाड्यात पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी आजीने आम्हाला बजावले, दोन-चार दिवस गावात फिरकू नका. पेढ्याची चव आणि आजीचा आवाज मला एकत्रच आठवतो.

आणि १९९७. शक्तिमान त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झाला. त्याच्या दोन महिने आधी, ११ जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक जमले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये. शक्तिमान सगळ्यांना आठवतो. रमाबाई नगर त्या ग्रुपवर किती जणांना आठवते?

याचा अर्थ आमची नव्वदी नुसती रडकी होती असा नाही. चौदा एप्रिलची नवी कापडे, कर्ण्यावरची भीमगीते, विहारात कंदिलाखाली चालणारा अभ्यास, हे आठवून मीही हळवी होते. पण मलाही सावध राहावे लागते. 'तेव्हाची चळवळ खरी होती' असे म्हणत आपणही सोनेरी चौकट बनवतो. त्या चौकटीत गटबाजी दिसत नाही. मोर्चासाठी रात्रभर भाकरी थापणाऱ्या, पण मंचावर कधीच न बसलेल्या बायाही दिसत नाहीत. माझी आजी त्यांतलीच एक.

मित्राच्या आठवणी पुसायच्या नाहीत. त्यांच्या शेजारी आपल्या मांडायच्या आहेत. नामांतराचे लाँग मार्च पाहिलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे. मोबाईल प्रत्येक घरात आहे. या चौदा एप्रिलला फोटो काढून झाले की, घरातल्या एका आजी-आजोबांसमोर तासभर बसा, विचारा आणि ध्वनिमुद्रण करून ठेवा. नाहीतर उद्या आपलीच लेकरे शाळेच्या ग्रुपवर त्या वाक्याखाली हात जोडतील.

मी त्या पोस्टखाली शेवटी एकच ओळ लिहिली : "मित्रा, तुमच्या खिडकीतून टीव्ही बघणारी मुलगी मीच." अजून उत्तर आलेले नाही.

जय भीम!