उल्हास खोऱ्यातील सामुदायिक वास्तू व आपत्कालीन निवारा : निधीचा ऐतिहासिक विचार

उल्हासनगर मुळात निवाऱ्यातूनच जन्मले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून वसाहतीचे नामकरण झाले. युद्धासाठी केलेला खर्चच येथे पुनर्वसनाच्या कामी आला, हे ध्यानात घ्यावयास हवे.

बदलापूरचा अनुभव निराळा. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका झाली. त्यांची सोय बदलापुरातील मंगल कार्यालयात करण्यात आली. प्रशस्त सभागृह, मोठे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, शौचालये : लग्नाला जे लागते, तेच मदत छावणीलाही लागते. मग नगरपरिषदेच्या समाजमंदिरात हे का नसावे?

याचे मूळ निधीच्या विभागणीत आढळते. १९९३ च्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचा भर सामुदायिक मालमत्ता उभारण्यावर; २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार स्थापन झालेला प्रतिसाद निधी मात्र आपत्तीनंतरच्या तातडीच्या मदतीसाठी. इमारतीचा पैसा एकीकडे, निवाऱ्याचा दुसरीकडे. १५ व्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती जोखीम निधीतील २० टक्के वाटा शमनासाठी राखला, तेव्हा ही दरी प्रथमच काहीशी बुजली. समाजमंदिराचे जोते पूररेषेच्या वर घेण्याचा वाढीव खर्च या वाट्यातून मागण्यास अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या तिन्ही संस्थांना आता आधार आहे.