'अनल मलिक' आणि परतूर

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या काळीं एक शब्दप्रयोग असा रूढ झाला, कीं त्याचा अर्थ नीट लाविल्यावांचून आमच्या परभणी प्रांताचें तत्कालीन राजकारण उलगडत नाहीं. तो म्हणजे 'अनल मलिक'.

१९२७ सालीं स्थापन झालेल्या मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेचें अध्यक्षपद १९३८ सालीं नवाब बहादूर यार जंग यांजकडे आलें. राज्याची सत्ता मुसलमान समाजाच्या ठायीं असून निजाम हा तिचें केवळ प्रतीक होय, असें तिचें प्रतिपादन होतें. 'अनल मलिक' म्हणजे 'मी राजा'. सूफी मन्सूर हल्लाज याच्या 'अनल हक', म्हणजे 'मी सत्य', या उद्गाराच्या साच्यावर तो पाडलेला उघड दिसतो. पण 'सत्य' हा निरपेक्ष शब्द. उपनिषदांतील महावाक्यांप्रमाणें तेथें 'मी' विरून जातो. 'राजा' शब्द सापेक्ष. तो उच्चारतांच प्रजा गृहीत धरावी लागते. परभणीस ज्यांच्या उरुसाला हिंदुही लोटतात त्या सूफी अवलियाचें नांव तुराबुल हक, म्हणजे 'सत्याची धूळ' असें आहे, हें येथें सहज आठवतें. असो.

दुसऱ्या पक्षाकडे पाहूं. १९२९ च्या 'गस्ती निशाण ५३' या फर्मानानें राजकीय सभांस सरकारी परवानगी आवश्यक झाली. परिणामीं मराठी भाषकांचें राजकारण वाचनालयें, गणेशोत्सव व कीर्तनें यांच्या आश्रयास गेलें. १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें भरलें. (हें गांव १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यांत होतें.) परिषदेचें बंधन भाषेचें होतें, धर्माचें नव्हे. मराठी बोलणारा मुसलमान शेतकरीही तत्त्वतः तींत बसत होता. परंतु उत्सवाच्या मांडवांत वाढलेल्या चळवळीचा दरवाजा त्याला आपला वाटला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. हा दोष परिषदेचा कमी, गस्तीचा अधिक.

हा गुंता लवकरच उघडा पडला. ऑक्टोबर १९३८ मध्यें स्टेट काँग्रेसनें जबाबदार राज्यपद्धतीसाठीं सत्याग्रह आरंभिला; त्याच सुमारास आर्यसमाज व हिंदुमहासभा धार्मिक हक्कांसाठीं उभ्या राहिल्या. दोहोंची सरमिसळ होऊं नये म्हणून स्टेट काँग्रेसनें डिसेंबरांत आपला सत्याग्रह थांबविला. आर्यसमाजाचा मात्र ऑगस्ट १९३९ पर्यंत चालला.