बंगळुरूची तळी आणि पाणपक्षी : मार्गदर्शकासह पाणथळ भ्रमंती

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरू शहराला मोठी नदी नाही. तरीही हिवाळ्यात या शहरात आणि त्याच्या परिसरात पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. त्याचे कारण येथील तळी होत. पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण आणि सोबत जाणकार मार्गदर्शक घेऊन या तळ्यांच्या काठाने फिरण्याची प्रथा येथे अनेक दशकांपासून रुजली आहे. शहरातील तळी, मंड्या जिल्ह्यातील कोक्करे बेळ्ळूर आणि श्रीरंगपट्टणजवळचे रंगनतिट्टू अभयारण्य अशी ही भ्रमंती दोन-तीन दिवसांत करता येते. या सर्व ठिकाणांमध्ये एक समान धागा आहे. येथील पाणी आणि पक्षी यांचा संबंध माणसाने उभारलेल्या बांधकामाशी किंवा माणसाच्या वस्तीशी जोडलेला आहे.

माणसाने घडवलेली पाणथळ

कन्नड भाषेत तळ्याला 'केरे' म्हणतात. बंगळुरूच्या नैसर्गिक उंचवट्यावरून पावसाचे पाणी हेब्बाळ, कोरमंगला-चल्लघट्टा आणि वृषभावती या तीन मुख्य खोऱ्यांतून वाहते. पहिल्या दोन खोऱ्यांचे पाणी दक्षिण पिनाकिनी नदीकडे, तर तिसऱ्याचे अर्कावतीमार्गे कावेरीकडे जाते. या उतारांवर शेकडो वर्षांपूर्वी मातीचे बांध घालून तळ्यांच्या साखळ्या तयार करण्यात आल्या. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी 'राजकालुवे' नावाच्या मोठ्या नाल्यात पडते आणि खालच्या तळ्यात पोहोचते. शेती, पिण्याचे पाणी आणि जनावरे हा या तळ्यांचा मूळ उद्देश होता. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये शहर वसवले, तेव्हापासून तळी बांधण्याची परंपरा अधिक बळकट झाली. विजापूरच्या फौजेने १६३८ मध्ये बंगळुरू घेतल्यानंतर ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्या काळातही शहराचा निर्वाह याच पाण्यावर होत होता.

नळाचे पाणी आले आणि तळ्यांचे महत्त्व ओसरू लागले. १८९४ मध्ये अर्कावती नदीवरील हेसरघट्टा तलावातून शहराला पाणीपुरवठा सुरू झाला. १९७४ मध्ये सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी आणण्यात आले. गरज संपलेल्या तळ्यांची जमीन हळूहळू इतर कामांसाठी वापरली गेली. महाराष्ट्रातून बसने येणारा प्रवासी ज्या केंपेगौडा बसस्थानकावर उतरतो, ते पूर्वीच्या धर्मांबुधी तळ्याच्या पात्रात उभे आहे. कंठीरव क्रीडागाराच्या जागी संपंगी तळे होते. जी तळी उरली, तीच आज पाणपक्ष्यांचा आसरा आहेत.

पाण्याची खोली आणि पक्षी

तळ्याकाठी उभा राहिलेला नवखा पर्यटक प्रथम पक्षी शोधतो. अनुभवी मार्गदर्शक मात्र आधी पाणी पाहतो, कारण कोणता पक्षी कोठे दिसेल हे बहुतांशी पाण्याच्या खोलीवर ठरते. ओल्या चिखलाच्या कडेला तुतारी आणि धोबी हे लहान पक्षी किडे टिपतात. वीतभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या चालतो. त्याहून थोड्या खोल पाण्यात चित्रबलाक आपली अर्धवट उघडी चोच बुडवून उभा राहतो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. चमचा हा पक्षी पसरट चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. उघड्या चोचीचा करकोचा मुख्यतः गोगलगाई खातो. चोचीच्या दोन भागांमधील फट हे त्याचे ठळक लक्षण होय.

तरंगत्या पानांवर लांब बोटांचा कमळपक्षी चालताना दिसतो, तर पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी वावरते. उथळ पाण्यात शेपटी वर करून तळाचे अन्न शोधणारी तलवार बदक, थापट्या आणि भुवई बदक ही हिवाळी पाहुण्यांची मंडळी आहे. हळदी-कुंकू बदक मात्र येथे वर्षभर राहते. खोल पाण्यात पाणकावळे, टिबुकल्या आणि झोळीसारखी चोच असलेले पेलिकन आढळतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. तळ्याचा काठ उतरता असेल, कोठे चिखल, कोठे वेत, कोठे खोल पाणी असेल, तर पक्ष्यांच्या अनेक जाती एकत्र नांदतात. याउलट तळ्याचा सर्व गाळ काढून ते वाडग्यासारखे सारखेच खोल केले आणि काठाला दगडी भिंत घातली, तर पाणी वाढते. परंतु चिखलावर व उथळ पाण्यावर जगणारे पक्षी निघून जातात. बंगळुरूतील काही तळ्यांच्या सुशोभीकरणावर अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला होता. मार्गदर्शकासोबत तासभर फिरलेल्या माणसाला हा आक्षेप पुस्तकाविना समजतो.

शहरातील फेऱ्या

भ्रमंतीचा आरंभ लालबागेतून करणे सोयीचे ठरते. हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेल्या या उद्यानात तळे आहे आणि जुनी झाडीही आहे. शहरातील पक्षीनिरीक्षकांच्या हौशी मंडळाची महिन्याच्या दुसऱ्या रविवारची लालबाग फेरी अनेक वर्षांची परंपरा आहे. अशा फेऱ्यांत अनुभवी निरीक्षक नवख्यांना पक्ष्यांची ओळख करून देतात.

उत्तरेकडील जक्कूर तळे पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीमुळे प्रसिद्ध आहे. येथे शुद्धीकरण केंद्रातून आलेले सांडपाणी थेट तळ्यात न सोडता प्रथम पाणकणीस व इतर पाणवनस्पती असलेल्या कृत्रिम पाणथळीतून नेले जाते. वनस्पती पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शोषून घेतात आणि मगच ते पाणी तळ्यात उतरते. येथे पेलिकन आणि चित्रबलाक दिसतात. मासेमारही याच तळ्यावर उपजीविका करतात. हेसरघट्टा येथे तलावाभोवती विस्तृत गवताळ प्रदेश आहे. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित शिकारी पक्षी गवतावरून खालून उडत सावज शोधतात.

बेळ्ळंदूर हे शहरातील सर्वांत मोठे तळे याच्या अगदी उलट कारणाने देशभर चर्चेत आले. प्रक्रिया न केलेले सांडपाणी साचून त्यावर फेसाचे थर तयार झाले. मे २०१५ मध्ये या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्येही तेथे आगी लागल्या. राष्ट्रीय हरित लवादाने या प्रकरणाची दखल घेतल्यानंतर गाळ काढण्याची आणि सांडपाणी वळवण्याची कामे हाती घेण्यात आली. जक्कूर आणि बेळ्ळंदूर ही दोन्ही तळी एकाच शहरातील आणि एकाच पद्धतीने बांधलेली आहेत. त्यांच्यातील फरक पाणी आत येण्यापूर्वी त्याचे काय केले जाते एवढाच आहे.

कोक्करे बेळ्ळूर : गावातील पक्षी

बंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना मद्दूरच्या परिसरात आतील बाजूस शिंशा नदीजवळ कोक्करे बेळ्ळूर हे गाव आहे. 'कोक्करे' म्हणजे करकोचा. शहरापासून हे गाव सुमारे ८० किलोमीटरवर आहे. येथे पेलिकन आणि चित्रबलाक घरांच्या अंगणातील चिंच, वड, पिंपळ यांसारख्या झाडांवर घरटी करतात. पक्ष्यांचे आगमन शुभ मानले जाते. झाडांखाली पडणारी विष्ठा गावकरी खत म्हणून शेतात वापरतात. घरट्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते, म्हणून झाडांच्या मालकांना वनविभागाकडून भरपाई देण्याची पद्धत सुरू झाली. म्हैसूरच्या निसर्गप्रेमींच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात गावात 'हेज्जार्ले बळग' म्हणजे पेलिकन मित्रमंडळ उभे राहिले. घरट्यातून पडलेली पिल्ले सांभाळण्याचे काम या तरुणांनी केले. २००७ मध्ये या परिसराला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. येथे मार्गदर्शक गावकरीच असल्याने त्यांच्या अनुमतीविना अंगणात शिरू नये.

रंगनतिट्टू : बंधाऱ्याने दिलेली बेटे

म्हैसूरचे राजे कंठीरव नरसराज वडियार यांच्या कारकिर्दीत १६४५ ते १६४८ दरम्यान कावेरीवर बंधारा बांधण्यात आला. त्यामुळे नदीच्या पात्रात लहान बेटे तयार झाली. या बेटांवर वीण करणारे पक्षी पाहून डॉ. सालिम अली यांनी म्हैसूर संस्थानाला हे क्षेत्र राखण्याची विनंती केली आणि १९४० मध्ये रंगनतिट्टू अभयारण्य घोषित झाले. २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत झाला. ते कर्नाटकातील पहिले रामसर स्थळ होय.

येथे वनविभागाच्या नावेतून फेरी होते. नावाडी हेच मार्गदर्शक असतात. पांढरा शराटी, चमचा, रातबगळा, पेलिकन, नदी सुरय, खडकावर निश्चल बसलेला मोठा करवानक हे पक्षी येथे जवळून पाहता येतात. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या वसाहती झाडांवर लटकलेल्या असतात. पाणमांजराचेही येथे वास्तव्य आहे. दगडांवर मगरी उन्हात पडलेल्या असतात, म्हणून नावेबाहेर हात काढण्यास सक्त मनाई आहे. पावसाळ्यात कृष्णराजसागर धरणातून मोठा विसर्ग सुरू झाल्यास बेटे पाण्याखाली जातात आणि नौकाफेरी बंद ठेवली जाते. प्रवासापूर्वी याची चौकशी करणे इष्ट ठरते.

काळ, साहित्य आणि शिस्त

स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर करकोचे आणि पेलिकन यांच्या विणीसाठी साधारणतः जानेवारी ते मे हा काळ योग्य असतो. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास सर्वोत्तम होत. पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी, हलका रेनकोट, सुका खाऊ, प्रथमोपचाराचे साहित्य, वही आणि पेन असावे. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण नवख्यांना पुरेशी असते. अधिक शक्तीच्या दुर्बिणीत हात हलल्याने चित्र स्थिर राहत नाही. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. बांधावरील गवतातून चालताना बंद बूट घालावेत, कारण तेथे साप असू शकतात.

घरट्यांजवळ जाऊ नये. पक्षी बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत. पक्ष्यांना खाऊ घालू नये. छायाचित्रासाठी थवा उडवणे हा पक्ष्यांवर अन्याय आहे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला त्या प्रत्येक उड्डाणाची किंमत अन्नाच्या रूपाने मोजावी लागते.

कायद्यातील प्रश्न आणि नोंदीचे मोल

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या करारात पाणथळीची व्याख्या नैसर्गिक आणि कृत्रिम अशा दोन्ही जागांना सामावून घेते. भारत १९८२ मध्ये या करारात सहभागी झाला. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर हेही गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले आहे. २०२४ च्या आरंभी रामसर यादीत आलेली कर्नाटकातील अंकसमुद्र आणि मागडी केरे ही दोन्ही स्थळे सिंचनासाठी बांधलेली तळी आहेत.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांतील व्याख्येतून मात्र पिण्याचे पाणी किंवा सिंचन यांसाठी खास बांधलेले जलाशय वगळण्यात आले आहेत. बंगळुरूची बहुतेक जुनी तळी नेमक्या याच कारणांसाठी बांधलेली असल्याने त्यांच्या रक्षणासाठी राज्याचे कायदे, न्यायालये आणि जागरूक नागरिक यांच्यावर विसंबावे लागते. अशा वेळी तळ्यावर कोणते पक्षी, केव्हा आणि किती आले याची वर्षानुवर्षांची नोंद हा भक्कम पुरावा ठरतो. भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिची आकडेवारी प्रामुख्याने हौशी निरीक्षक जमवतात.

त्यामुळे भ्रमंतीच्या शेवटी वहीत केवळ पक्ष्यांची नावे लिहून थांबू नये. तळ्याचे नाव, दिनांक, वेळ, प्रत्येक जातीची अंदाजे संख्या आणि पाण्याची स्थिती यांचीही नोंद करावी आणि ती मार्गदर्शकाकडे किंवा गणनेच्या संयोजकांकडे द्यावी. पुढील वर्षी त्याच दिवसांत पुन्हा त्याच तळ्यावर जाणे शक्य झाल्यास त्या नोंदीचे मोल दुपटीने वाढते.