पदवी यायला तीस वर्षं

या स्मरणिकेत आपले माजी विद्यार्थी आणि शिक्षक यांना मिळालेल्या मानसन्मानांची यादी छापली आहे. ती पाहताना मला कॉर्नेलिया सोराबजी आठवल्या. अशा यादीत त्यांचं नाव घालायचं तर कुठलं वर्ष लिहायचं, हाच प्रश्न पडेल.

जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६. वडील पारशी घराण्यातले, ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा सगळा वर्ग मुलांचा होता. अंतिम परीक्षेत त्या पहिल्या वर्गात, कॉलेजात पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळे. ती त्यांना नाकारली. गुणांबद्दल काही म्हणणं नव्हतं. उमेदवार बाई होती, एवढंच. (आपल्या बॅचमधल्या दहावीला उत्तम मार्क मिळवूनही ज्यांना पुढे कॉलेजला पाठवलं नाही, अशा चारदोन मैत्रिणी तुम्हालाही आठवतील. यादीत त्यांची नावं नाहीत.)

मग काही दिवस अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी मुलांना शिकवलं. शिष्यवृत्ती मिळायला अपात्र, शिकवायला पात्र! पुढे इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये पोचल्या. खास परवानगी काढून १८९२ मध्ये कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसल्या. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पास झाल्या, पण पदवी नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नसे. तो नियम १९२० मध्ये बदलला आणि पदवी हातात आली १९२२ मध्ये.

मधली तीस वर्षं त्या पदवीची वाट पाहत बसल्या नव्हत्या. बंगालमधल्या जमीनदार घराण्यांतल्या पडदानशीन विधवांना इस्टेटीचा हक्क होता, पण परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणजे वकिलाशीही बोलायचं नाही. सह्या भलतेच कोणी घेऊन जात. १९०४ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या सल्लागार म्हणून कॉर्नेलियाबाई थेट जनानखान्यात जाऊन त्यांची कागदपत्रं पाहत. सहाशेच्या आसपास बायका-मुलांना त्यांनी मदत केली, असं सांगतात. मला विचाराल तर त्यांची खरी कमाई ही. मात्र कोर्टात वकील म्हणून उभं राहायला १९२३ चा कायदा यावा लागला. तोवर त्यांचं वय ५७ झालं होतं.

आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या कधी भेटल्या नाहीत. त्या ब्रिटिश राज्याच्या बाजूच्या, गांधीजींच्या विरोधक. त्याचाही हा परिणाम असावा. त्यांची ती मतं मला मुळीच पटत नाहीत. पण म्हणून त्यांचा निकाल कोणी पुसावा, हेही पटत नाही.

१९५४ मध्ये त्या लंडनला वारल्या. तिथल्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवला. येरवड्याला डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत अजून उभी आहे. पुढचं संमेलन पुण्यात झालं, तर एक सकाळ तिकडे जाऊन येऊ.